आमचा फोटो कोण काढते?

२०२३ च्या जानेवारीत आमच्या घरचा टीव्ही दिसत नव्हता. बिघडला नव्हता, त्याच्यापुढं कापूस होता. समोरच्या खोलीत खिडकीच्याही वर कापूस भरलेला, बसायला जागा फक्त दारापाशी, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा टीव्ही त्या ढिगात गळ्यापर्यंत बुडालेला, वरून चार बोटं स्क्रीन उघडी. बातम्या लावल्या की अँकरचं कपाळ दिसायचं आणि आवाज यायचा, बस तेवढंच. लेकरं रात्री खाजवत उठायची, कारण कापूस दोन-तीन महिने घरात राहिला की अंगाला खाज सुटतेच, ज्याच्या घरी कापूस येते त्याला हे सांगायची गरज नाही. माय रोज सकाळी झाडू हातात घेऊन एकच विचारायची, "कधी इकता रे बापा हा कापूस?" आणि मी रोज एकच सांगायचो, थांब ना माय, भाव वाढणार आहे.

हे मला सांगितलं कोणी, तर मोबाईलनं.

आदल्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये असताना बाजारात भाव दहा हजाराच्या वर गेला होता. ज्यानं लवकर विकला तो वर्षभर हळहळला, ज्यानं ठेवला तो गावात शहाणा ठरला. मग पुढच्या वर्षी सगळेच शहाणे व्हायला बसले. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभा, पावणेनऊ हजार द्यायला तयार, आणि आम्ही त्याच्याकडे असं पाहत होतो जसा काही तो आमच्या घरात चोरी करायला आला. कारण रोज संध्याकाळी यूट्यूबवर कोणी ना कोणी सांगत होता की थांबा, विकू नका, व्यापाऱ्याचा डाव आहे. थंबनेलवर लाल बाण वर गेलेला, कापसाचा ढीग, तोंड वासलेला एक माणूस आणि मोठ्या अक्षरात १५ हजार, आणि पुढं दोन प्रश्नचिन्हं. त्या प्रश्नचिन्हांवरच तो अख्खा धंदा उभा आहे बरं का, कारण उद्या कोणी विचारलं तर तो म्हणू शकतो मी कुठं सांगितलं, मी तर विचारलं होतं.

एक व्हिडिओ पाहिला की त्याच्यासारखे दहा समोर येतात. भाव पडेल असं सांगणारे पण होतेच की कोणीतरी, पण ते माझ्या मोबाईलवर कधी आलेच नाहीत, कारण मी त्यांच्यावर बोट ठेवलं नव्हतं. आणि शेजारच्या घरी पाहावं तर तिथंही कापूस भरलेला, त्याच्या शेजारीही भरलेला, म्हणजे सगळे थांबले आहेत तर काहीतरी खरं असेल ना. आता शेजारी का थांबला होता? तोच व्हिडिओ पाहून. आणि त्याला तो व्हिडिओ कोणी पाठवला? गावातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मीच आहे, पुढचं काय सांगू. मे महिन्यात सात हजार दोनशेनं कापूस दिला, वाळून वजन घटलं ते वेगळं.

हे सगळं मुद्दाम आधी सांगून टाकलं, कारण माध्यमांवर बोलायला बसलं की आपण सगळे दुसऱ्याबद्दल बोलतो. बाया सिरियलनं बिघडल्या, पोरं रीलनं बिघडली, म्हातारे व्हॉट्सॲपनं बिघडले, मी तेवढा शाबूत आहे. आमच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम असतो. मीडिया विकला गेला, सगळं खोटं दाखवतात, असं म्हणत म्हणत तोच मोबाईल पुढं करून, "हे पाय ना भाऊ, हे पायलं का?"

मला वाटते खोटं दाखवतात ही तक्रार खरी असली तरी लहान आहे. खोटं पकडता येते, आज नाही तर मे महिन्यात तरी पकडता येते. मोठी भानगड अशी आहे की आपला फोटो कोणीतरी लांबचा माणूस काढते, त्याच्या सोयीनं काढते, तो फोटो फिरून फिरून आपल्याच घरात टीव्हीवर येते, आणि मग आपण हळूहळू त्या फोटोसारखे दिसायला लागतो. बाकी जग आपल्याला तसं पाहते ते तर आहेच, पण आपण पण स्वतःला तसंच पाहायला लागतो.

विदर्भातल्या शेतकऱ्याइतका हा अनुभव कोणाला नसेल.

२००६ साल आठवा. त्या वर्षी मुंबईत मोठा फॅशन वीक झाला, त्यासाठी ५१२ पत्रकारांनी पास काढले होते, मॉडेलच्या अंगावर सुती कपडे होते, आणि ज्या भागात तो कापूस पिकते तिथं शेतकरी आत्महत्या करत असताना देशपातळीवरचे पत्रकार बोटावर मोजण्याइतके आले होते. हे पत्रकार पी. साईनाथांनी तेव्हा लिहिलं, सगळीकडे सांगितलं, आणि त्यांच्यासारख्यांनी आणि यवतमाळ-वर्ध्याच्या कित्येक स्थानिक वार्ताहरांनी ते लावून धरलं म्हणून दिल्लीला कळलं की पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, माणसं पण आहेत. त्याच वर्षी जून-जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पुढच्या वर्षी साईनाथांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते पैसे किती लोकांपर्यंत पोचले हा वेगळा विषय, पण बातमीनं सरकार हलते हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे मीडियाला सरसकट शिव्या देणाऱ्यातला मी नाही.

पण त्यानंतर काय झालं, तो फोटो तिथंच गोठला. एकदा आमच्याकडं एका चॅनलची गाडी आली होती. ज्या घरी गेली तिथल्या बाईला गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालून त्याच्या बाजूला बसायला लावलं, ती बसली, मग कॅमेरावाल्याला उजेड पुरला नाही म्हणून पुन्हा उठवलं आणि अंगणात बसवलं, फोटोसकट. नंतर त्यांना भेगा पडलेली जमीन पाहिजे होती. दोन दिवसाआधी अवकाळी पाऊस झाला होता, भेगा बुजलेल्या, तर मंडळी गाडी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं भेगा शोधत फिरली आणि शेवटी तळ्याच्या काठाला वाळलेल्या गाळात सापडल्या तेव्हा कुठं समाधान झालं, तिथं एका म्हाताऱ्याला कपाळाला हात लावून बसवलं. त्या म्हाताऱ्याचं वावर ओलिताचं आहे आणि त्याचा एक पोरगा पोलिसात आहे.

आता भेगांचंच सांगतो. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पडायलाच पाहिजे. जितकी भारी जमीन तितक्या मोठ्या भेगा, पाय अडकंल एवढ्या. वरची माती त्यात पडते, खालची वर येते, आमचे आजोबा म्हणायचे ही जमीन आपली आपण नांगरते. म्हणजे जो फोटो पाहून पुण्या-मुंबईचा माणूस हळहळतो, अरेरे किती हा दुष्काळ, तो फोटो पाहून आमच्याकडचा माणूस म्हणेल जमीन भारी दिसते, एकरी काय भाव असंल. पण गंमत अशी की आता आमच्याकडचा माणूस पण तसं म्हणत नाही. माझा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे, त्यानं शेतकरी दिनाला स्टेटस ठेवलं, तर त्यात भेगा पडलेली जमीन आणि डोक्याला हात लावलेला म्हातारा. मी म्हटलं अरे तुझा बाप असा बसते का कधी? त्याच्या बापानं त्या वर्षी एकरी अकरा क्विंटल सोयाबीन काढलं होतं आणि गावात पेढे वाटले होते. तर तो म्हणे, "काकाजी, शेतकरी म्हटलं का असाच फोटो येते गूगलवर."

मेलेल्या माणसाच्या बातमीचं तर विचारूच नका, तिचा साचा ठरलेला आहे. कर्जबाजारीपणाला व नापिकीला कंटाळून, आणि मग वय, गाव, मागे पत्नी, दोन मुलं असा परिवार आहे. पाच ओळी, जिल्ह्याच्या पानावर. माणसाचं नाव बदलते, ओळी त्याच. कर्ज होतंच, नापिकी होतीच, मी नाकारत नाही, पण बँकेनं नाही म्हटल्यावर सावकाराकडं किती टक्क्यानं गेला, विमा का नाही मिळाला, त्या बायकोच्या नावावर सातबारा चढला का, हे त्या पाच ओळींत मावत नाही. आणि रोज तेच वाचून वाचून एखाद्या अडचणीतल्या माणसाच्या डोक्यात काय बसत असेल याचा विचार कोणी करत नाही. व्हिएन्नाच्या मेट्रोत १९८० च्या दशकात आत्महत्या फार वाढल्या होत्या, पेपर रंगवून रंगवून बातम्या द्यायचे. १९८७ ला तिथल्या तज्ज्ञांनी बातमी कशी द्यावी याचे नियम करून दिले, पेपरवाल्यांनी ते पाळले, आणि तो आकडा एकदम खाली आला. आपल्या प्रेस कौन्सिलनं पण २०१९ ला अशा बातम्यांचे नियम काढले आहेत, ठळक छापू नका, कसं केलं ते लिहू नका, फोटो लावू नका. आमच्या भागात येणारे पेपर पाहून मला तरी वाटत नाही ते नियम कोणाच्या टेबलावर पोचले असतील.

आणि जिल्ह्याचं पान म्हटलं म्हणून सांगतो, ही आवृत्तीची भानगड फार लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच पेपरच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात, त्यात जिल्ह्याची पुरवणी वेगळी. वाचकाला वाटते वा, आपल्या गावाची बातमी छापून आली. आली, पण ती वाचली कोणी? आपणच. यवतमाळची बातमी यवतमाळलाच विकतात. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, शेकड्यानं लोक दवाखान्यात भरती होते. जिल्ह्याच्या पानावर एकेक करून येत होतं, आज इथला, परवा तिथला, आणि राज्यभर बोंब झाली ती सप्टेंबर संपता संपता. मधल्या काळात मंत्रालयात बसणाऱ्या माणसाच्या हातात जो पेपर पडत होता, नाव तेच, मास्टहेड तेच, त्यात आम्ही नव्हतोच.

उलटा प्रकार पण आहे, जेव्हा आम्ही पानभर असतो. २००८ साली एका मोठ्या इंग्रजी पेपरात अख्खं पान आलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांवर, बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याच्या कापसानं कशी भरभराट झाली आणि तिथं आत्महत्या कशा नाहीत यावर. २०११ ला जवळपास तोच मजकूर त्याच पेपरात पुन्हा आला, पण या वेळी जाहिरात म्हणून, बारीक अक्षरातल्या सूचनेसकट. बातमी तीच, जाहिरातही तीच. मग २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची शेतीची स्थायी समिती भांबराजाला गेली, तर लोकांनी त्यांना सांगितलं की गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक बीटी आल्यावरच्या. साईनाथांनी हे पण सगळं तारखांसकट लिहून काढलं. भांबराजाच्या लोकांना ते इंग्रजी पान कोणी वाचून दाखवलं होतं का कोणास ठाऊक, पण त्यांच्या गावाचा फोटो दोनदा विकला गेला होता.

आता म्हणाल, भाऊ, फोटोनं काय पोट भरते का उपाशी राहते? भाव नाही, पाणी नाही, त्याचं बोला. बोलतो ना. पण आमच्या गावात तिशी पार केलेली, लग्न न झालेली पोरं मोजली तर दोन्ही हाताची बोटं पुरत नाहीत. पोरीवाल्यांची अट अशी असते की पोराकडं वावर पाहिजे पण पोरगा वावरात जाणारा नको. हसू येते, पण खरं आहे. बारा हजार रुपयांवर नागपूरच्या एमआयडीसीत राबणारा, एका खोलीत चौघं राहणारा पोरगा चालते, दहा एकर ओलिताचा नाही चालत. यात पोरींची चूक मी काढत नाही, त्यांच्या मायच्या हाताला पडलेले घट्टे त्यांनी पाहिले आहेत, सकाळी स्वयंपाक करून अकरा वाजता निंदायला आणि संध्याकाळी परत चूल. पण नुसती मेहनत पाहून तर एवढा तिटकारा येत नाही, मेहनत नर्सला पण आहे. पंधरा वर्षं ज्या पोरीनं टीव्हीवर शेतकरी पाहिला तो एक तर हार घातलेल्या फोटोत, नाही तर बियाण्याच्या जाहिरातीत पांढराशुभ्र फेटा बांधून नाचताना. आणि सिरियल म्हणाल तर तिथं भलामोठा बंगला, दिवसभर भरजरी साड्या, आणि ते पैसे कुठून येतात हे हजार एपिसोड झाले तरी कळत नाही. या सगळ्यात आमच्यासारखा, कधी नफ्यात कधी तोट्यात, रोज सकाळी दूध काढून डेअरीवर जाणारा, लेकीच्या फीसाठी तूर विकणारा माणूस तिनं पाहिला कुठं? नवरा म्हणून त्याची कल्पना तरी कशी करावी तिनं?

भाषेचं पण तसंच. सिरियलमध्ये आमची वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की समजून जायचं, हा नोकर आहे, नाही तर हसवायला ठेवला आहे. "मले", "तुले", "काऊन बे" एवढं तीन शब्दाचं भांडवल, त्यात पण हेल चुकीचा. माझी लेक चौथीत असताना तिच्या मॅडमसमोर मी बोललो "हिले समजत नाही का काही?" तर ती बाहेर आल्यावर म्हणे, बाबा असं नको बोलत जाऊ, जोकरसारखं वाटते. चौथीतली पोरगी. तिला हे कोणी शिकवलं नाही, घरी तर आजी दिवसभर तसंच बोलते. आणि गंमत पाहा, ज्या मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला म्हणून टीव्हीवर दिवसभर पेढे वाटत होते, तिचा पहिला मोठा गद्य ग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिला गेला. त्या दिवशीच्या चर्चेत मी पाहिलेल्या चार पाहुण्यांत एकही इकडचा नव्हता. झाडीपट्टीवाले, म्हणजे पूर्व विदर्भातले, बरे त्या मानानं, दिवाळीनंतर वडसा आणि आसपासच्या नाटक कंपन्या गावोगावी रात्रभर नाटकं करतात, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि मंडईच्या जत्रेच्या गावाला तर एका रात्री दोन-दोन मंडप, आणि तिकीट काढून लोक पहाटेपर्यंत बसतात. टीव्ही आला, मोबाईल आला, तरी ते टिकलं. कारण तिथं स्टेजवरचा माणूस आपल्यासारखा बोलते आणि तरी हिरो असते.

बरं, बापजाद्यांच्या काळी सगळं चांगलं होतं असं म्हणायचा पण माझा इरादा नाही. आमचे बाबा रेडिओवाले, नागपूर आकाशवाणी १९४८ ला सुरू झालेली आणि बाबांच्या मते त्यानंतर जगात काही चांगलं सुरू झालंच नाही. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की रेडिओ अंगणात खाटेवर, आणि आजूबाजूचे पाच-सात जण जमलेले. त्या रेडिओनं पण वरूनच सांगितलं, हे खत टाका, हे औषध मारा, आणि आम्ही मारत गेलो, विचारलं नाही. पण एक फरक होता. रेडिओतला साहेब बोलून झाला की इकडं अंगणात त्याच्यावर अर्धा तास कीस पडायचा. "त्याच्या बापानं पऱ्हाटी पाह्यली का?" असं एक जण म्हणायचा, दुसरा म्हणायचा नाही बापू, मी करून पाह्यलं मागच्या साली, होते. जे ऐकलं ते पाच तोंडांतून गाळून मग वावरात जायचं. आणि त्याच्या आधी तर गाडगेबाबा, आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, कीर्तनात नुसते प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्या लोकांना द्यावं लागायचं, हजार माणसं एका आवाजात हो नाही तर नाही म्हणायची. माइक नाही, छापखाना नाही, शाळा शिकलेले नाही, पण लोकांच्या डोक्यात त्यांनी जेवढं बदललं तेवढं आमच्या ग्रुपवरच्या सगळ्या सुविचारांनी मिळून नसेल बदललं.

मोबाईलनं ते अंगण मोडलं, मला तरी हे सगळ्यात मोठं नुकसान वाटते. आता पाच जण खाटेवर बसतात पण प्रत्येकाच्या कानात वेगळी वायर. एकाच्या मोबाईलवर कापूस पंधरा हजार, दुसऱ्याच्या मोबाईलवर कोणत्या तरी धर्माचे लोक अमुक करून राहिले, तिसऱ्याच्या मोबाईलवर अमुक तारखेला धो धो पाऊस. ते हवामानवाले तर विचारू नका, जूनच्या सात तारखेपासून रोज पेरणी करायला लावतात. कृषी विद्यापीठवाले वर्षानुवर्षं सांगून राहिले की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, पण ते सांगणारा साहेब खुर्चीवर बसून कागद वाचते आणि तो व्हिडिओवाला वावरात उभा राहून आभाळाकडे बोट दाखवते, मग ऐकणार कोणाचं? दुबार पेरणीचं बियाणं घ्यायला कृषी केंद्रात रांग लागते तेव्हा तो व्हिडिओवाला तिथं नसते.

आणि हे फक्त पैशापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना गावकऱ्यांनी ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी समजून. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून खाणारी माणसं. व्हॉट्सॲपवर त्याआधी कित्येक दिवस तसले व्हिडिओ फिरत होते, नंतर त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं. आमच्या गावात तेव्हा काही झालं नाही, पण त्या पावसाळ्यानंतर बहुरूपी आला तर पोरांनी त्याला पाराजवळ थांबवून आधार कार्ड मागितलं. पोलिसाच्या वेशात आला होता बिचारा. माझ्या लहानपणी तोच नाही तर त्याचा बाप यायचा, खोट्या वॉरंटवर माझ्या आजोबांना अटक करायचा, आजोबा घाबरल्यासारखं करायचे आणि त्याला पायलीभर ज्वारी द्यायचे. पोरांना तो ओळखू आला नाही, पण दोन हजार किलोमीटरवर कुठं तरी घडलेला, किंवा न घडलेला, व्हिडिओ त्यांना तोंडपाठ होता.

दुसरी बाजू पण आहे आणि ती खोटी नाही. २००९ ला दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता भारतातल्या खेड्यांवर, केबल टीव्ही आल्याआधी आणि आल्यानंतर बाया काय सांगतात यावर. केबल आली त्या गावात नवऱ्यानं मारलं तर चालते म्हणणाऱ्या बाया कमी झाल्या, पोरगाच पाहिजे हे कमी झालं, घरातल्या निर्णयात त्यांचा शब्द वाढला. म्हणजे ज्या सिरियलला मी वर नावं ठेवली तिनंच हे पण केलं. मला ते पटते, कारण आमच्या मायनं आयुष्यात पहिल्यांदा बाबांना "मले नाही पटत" म्हटलं ते अशाच कोणत्या तरी सिरियलच्या दिवसांत. बाबा अजून टीव्हीलाच दोष देतात. आता पोरी त्याच मोबाईलवर पोलिस भरतीचे क्लास पाहून पहाटे रस्त्यावर पळतात, आमच्या गावातून दोन लागल्या. म्हणून मोबाईल फेकून द्या म्हणणाऱ्यांचं मला काही पटत नाही, त्यांच्या हातातला कोणी फेकला नाही अजून.

मला बाबासाहेबांचं उदाहरण जवळचं वाटते. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी मूकनायक काढला. त्यावेळचे पेपर ठराविक जातींचं हित पाहतात, बाकीच्यांची पर्वा करत नाहीत, असं त्यांनी पहिल्याच अंकात सांगितलं. केसरीनं तर पैसे देऊनही मूकनायकची जाहिरात छापली नाही. मग त्यांनी काय केलं, केसरीवाल्यांना शिव्या देत बसले नाहीत, स्वतःचा पेपर काढला, तो बंद पडला तर १९२७ ला बहिष्कृत भारत, मग जनता, मग १९५६ ला प्रबुद्ध भारत. पैसे नव्हते, वाचणारे थोडे, पण जो एक वाचायचा तो वस्तीत दहा जणांना वाचून दाखवायचा. आमच्या गावच्या बौद्ध पुऱ्यात आज पण पेपर आला की चर्चा जोरदार होते, विहाराच्या ओट्यावर, आणि तिथं फॉरवर्ड वाचून दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, लिहिलं कोणी? गावाच्या आमच्या बाजूला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हाला कधी गरज पडली नाही ना, आमचा आवाज छापून येतच होता असं आम्ही समजत होतो.

तर आम्ही एवढंच केलं आहे, फार मोठं काही नाही. ग्रुपवर भावाचा व्हिडिओ टाकायचा नाही, टाकायची तर बाजार समितीची त्या दिवशीची विक्रीची पट्टी, म्हणजे पावती, टाकायची, फोटो काढून, ज्यानं विकला त्याच्या नावासकट. पहिल्या महिन्यात तीन जण ग्रुप सोडून गेले, मजा नाही म्हणे राहिली. उरलेले आता भांडतात, तुझा कापूस ओला होता म्हणून कमी लागला, त्याचा पहिल्या वेचाचा होता, काटा त्याचा बरोबर नाही. रात्री दहापर्यंत चालते. माझी बायको वैतागली आहे. पण हे भांडण मला बाबांच्या खाटेवरच्या भांडणासारखं वाटते म्हणून मी कोणाला गप्प करत नाही, ॲडमिन असून.

त्या मे महिन्यात कापूस गेला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मजुरांनी गठुडे बांधून गाडीत भरले, खोली रिकामी झाली, भिंतीला सरकी आणि कचरा चिकटलेला, आणि चार महिन्यांनी टीव्ही अख्खा दिसला. मायनं त्याच्या मागच्या जाळीतून मूठभर रुई काढली. लावला तर चालू झाला. कोणत्या तरी बातम्या चालू होत्या, चार जण एकाच वेळी ओरडत होते, आणि खाली पट्टी पळत होती, सेन्सेक्स, निफ्टी, सोनं, डॉलर. बाबा दाराशी बसले होते, चष्मा लावून बराच वेळ ती पट्टीच वाचत राहिले. सोनं झालं, चांदी झाली, कच्चं तेल झालं, पुन्हा सेन्सेक्स आला. मग मला म्हणाले, "हे तर पुन्हा पयल्यापासून लागलं. आपला कापूस कवा येते यात?"